क्रूझवर स्वतःची वाइन न्यायची असेल तर : विदर्भातून निघणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आले, मुलीचे लग्न उरकले किंवा स्वतःच्या लग्नाला 25 वर्षे झाली म्हणून क्रूझच्या सफरीला जाणारी जोडपी आता यवतमाळ, अमरावती, चंद्रपूरकडच्या तालुक्यांतूनही निघू लागली आहेत. तिकिटात केबिन आणि मुख्य जेवणघरातील जेवण धरलेले असते, मद्य मात्र बहुतेक वेळा धरलेले नसते. बोटीवर वाइनचा एक पेला मागवला की त्याची किंमत डॉलरमध्ये लागते आणि अनेक कंपन्या तिच्यावर 18 टक्के सेवाशुल्कही जोडतात. त्यामुळे ‘एखादी बाटली इथूनच नेली तर चालेल का?’ हा प्रश्न टूरवाल्या भाऊंना आवर्जून विचारला जातो आणि त्याला बहुधा ‘चालते’ किंवा ‘नाही चालत’ असे एका शब्दाचे उत्तर मिळते. ही दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. गावापासून बंदरापर्यंत, बंदरापासून बोटीपर्यंत आणि बोटीवरून पुन्हा घरापर्यंत निरनिराळे नियम लागू होतात, आणि विदर्भातून निघणाऱ्यांच्या बाबतीत त्यांतील पहिला अडथळा समुद्रापासून सातआठशे किलोमीटर अलीकडेच उभा असतो. माझे मत थोडक्यात सांगायचे तर बाटली शक्य तितक्या उशिरा, म्हणजे बोटीच्या शक्य तितक्या जवळ विकत घ्यावी, माणशी एकच घ्यावी आणि तपासणीत ती स्वतःहून दाखवावी. या तिन्ही गोष्टी कशा साधायच्या ते पुढे क्रमाने दिले आहे.

आधी बोट कोणती ते पाहावे

बाटलीचा विचार तिकीट काढताना करावा, सामान बांधताना नव्हे, कारण प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो आणि तो वाटाघाटीने बदलत नाही. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी करणाऱ्या कॉर्डेलिया या भारतीय क्रूझवर बाहेरचे मद्य नेऊ देत नाहीत. तेव्हा ज्यांचे तिकीट मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून सुटणाऱ्या या बोटीचे आहे, त्यांनी बाटलीचा विषय इथेच सोडून द्यावा आणि बोटीवरील मद्याचे पॅकेज घ्यायचे की पेल्याप्रमाणे पैसे द्यायचे एवढेच ठरवावे. बंदरापर्यंत आणलेली बाटली तिथे सोडून द्यावी लागते आणि मागे रांगेत उभी असलेली माणसे चुळबुळ करू लागतात, ते वेगळेच.

सिंगापूरहून किंवा परदेशातील अन्य बंदरांतून सुटणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे धोरण याहून सैल आहे. रॉयल कॅरिबियनच्या बोटीवर मद्यपानाचे वय झालेल्या प्रत्येक प्रवाशाला चढण्याच्या दिवशी 750 मिलिलीटरची वाइन किंवा शॅम्पेनची एक सीलबंद बाटली नेता येते. कार्निव्हलचा नियमही जवळपास असाच आहे, मात्र तिथे वयाची अट 21 वर्षांची आहे. डिस्नेच्या बोटींवर प्रौढ माणशी दोन बाटल्या चालतात. नॉर्वेजियन क्रूझ लाइन बाटल्यांच्या संख्येवर मर्यादा घालत नाही, पण 750 मिलिलीटरच्या प्रत्येक बाटलीमागे 15 डॉलर आणि दीड लिटरच्या बाटलीमागे 30 डॉलर आकारते, आणि हे पैसे बाटली केबिनमध्ये बसून प्यायलात तरी द्यावेच लागतात. या आकारणीला ‘कॉर्केज’ म्हणतात. स्वतःची बाटली इतरांच्या जागेत उघडण्याचे ते भाडे आहे असे समजावे.

हे नियम कंपन्या अधूनमधून बदलतात, म्हणून शेजारच्या गावातील कुणी दोन वर्षांपूर्वी काय नेले होते यावर विसंबू नये. टूरवाल्याकडून कंपनीचे मद्यविषयक धोरण लेखी, निदान व्हॉट्सॲपवर तरी मागून घ्यावे आणि ते मोबाइलमध्ये जपून ठेवावे. त्यात चार गोष्टी शोधाव्यात : माणशी किती बाटल्या, बाटलीचा कमाल आकार केवढा, कॉर्केज फक्त जेवणघरात लागतो की केबिनमध्येही, आणि वयाची अट काय. शेवटची गोष्ट कुटुंबासोबत जाणाऱ्यांना महत्त्वाची वाटेल. रॉयल कॅरिबियनच्या उत्तर अमेरिकेतून सुटणाऱ्या बोटींवर मद्यपानाचे वय 21 आहे, तर आशियातून सुटणाऱ्या बोटींवर 18. बोटीवर चालणारे वय आपल्या राज्यात चालेलच असे मात्र नाही. महाराष्ट्रात वाइन आणि सौम्य बिअरसाठी 21 आणि बाकीच्या मद्यासाठी 25 वर्षांची अट आहे, त्यामुळे कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या हाती मुंबईतील दुकानातून बाटली आणवू नये.

कोणती आणि किती

बोटवाल्यांच्या भाषेत वाइन म्हणजे द्राक्षाची, कारखान्यात भरलेली, लेबल आणि सील शाबूत असलेली बाटली. व्हिस्की, रम आणि व्होडका यांना ही सवलत लागू नसते, बिअरलाही बहुतेक ठिकाणी नसते. खोक्यातील वाइनही बहुतेक ठिकाणी थांबवतात. आपल्याकडे काही घरांत द्राक्षाची किंवा जांभळाची वाइन हौसेने घालतात आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या पट्ट्यात मोहाची काय थोरवी आहे ते वेगळे सांगायला नको, पण लेबल नसलेली कोणतीही बाटली एक्स-रेच्या पट्ट्यावरून पुढे जाणार नाही. मोहाची चव बोटीवरच्या परदेशी पाहुण्याला दाखवावी ही इच्छा समजण्यासारखी आहे, तरी ती गावात पाहुणा आल्यावरच पुरवावी. माउथवॉशच्या बाटलीत किंवा पाण्याच्या बाटलीत मद्य भरून नेण्याच्या युक्त्या इंटरनेटवर पुष्कळ सापडतात. तपासणी करणाऱ्यांनीही त्या वाचलेल्या असतात.

किती न्यावी याचा हिशेब सोपा आहे. 750 मिलिलीटरच्या बाटलीतून 150 मिलिलीटरचे पाच पेले निघतात. नवराबायको दोघांच्या मिळून दोन बाटल्या म्हणजे दहा पेले झाले. चार रात्रींच्या सफरीत दोघांनी रात्री एकेक पेला घेतला तरी दोन पेले उरतात. याहून जास्त लागणाऱ्याने बाटल्या वाढवण्याच्या खटपटीत न पडता बोटीवरच्या पॅकेजचा भाव विचारावा, कारण जादा बाटल्या, त्यांचे ओझे आणि कॉर्केज यांची बेरीज केली तर फारसे काही वाचत नाही.

सवलत माणशी असते, म्हणून घरातील न पिणाऱ्यांच्या वाट्याची बाटलीही आपणच न्यावी असा मोह होतो. नियमाने प्रत्येकाने आपली बाटली आपल्या पिशवीत बाळगावी लागते. बायको स्वतः पीत नसली तरी राजीखुशीने एक बाटली धरायला तयार असेल तर प्रश्नच नाही. पण गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या आजोबांच्या पिशवीत, त्यांना न सांगता, पंचाच्या घडीखाली बाटली सरकवून ठेवू नये. एक्स-रेनंतर पिशवी बाजूला घेतली जाते, सगळ्यांसमोर उघडली जाते, आणि त्यानंतर आजोबा उरलेल्या सफरीत मुलाशी किती बोलतील हे सांगता येत नाही.

लाल, पांढरी की फसफसणारी, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग झाला. तरी ज्यांची जीभ वऱ्हाडी ठेच्यावर आणि सावजी रश्श्यावर वाढली आहे, त्यांनी पहिली बाटली जडशीळ लाल वाइनची घेऊ नये. लाल वाइनचा तुरटपणा आणि मिरचीचा जाळ एकमेकांना वाढवतात. किंचित गोडसर शेनिन ब्लां ही पांढरी वाइन किंवा फसफसणारी वाइन तिखटाबरोबर चांगली लागते, आणि बोटीवरच्या भारतीय जेवणाबरोबर तर हमखास. झाकण फिरकीचे असेल तर अधिकच उत्तम. बुचाचा त्रास वाचतो आणि अर्धी उरलेली बाटली डोलत्या बोटीवर नीट बंद राहते.

कुठे विकत घ्यावी

तालुक्याच्या गावातील वाइन शॉपमधून बाटली घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा दुकानात खप असतो देशी-विदेशी दारूचा आणि बिअरचा. खरी वाइन असते ती वरच्या फळीवर, चारदोन बाटल्यांच्या रांगेत, मानेवर धूळ घेऊन उभी. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या दुकानात त्या बाटलीने असे किती उन्हाळे काढले आहेत ते कोणी सांगत नाही. तापलेल्या वाइनचे बूच वर सरकते, कधी मानेशी चिकट ओघळ दिसतो, आणि आतल्या द्रवाला शिजवलेल्या फळासारखी चव येते. लेबल कितीही नामांकित असले तरी ती बाटली वाया गेलेली असते.

दुसरे कारण कायद्याचे आहे. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून आणि गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील बंदी 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. नागपूरहून मुंबईकडे जाणारी रेल्वे वर्धा जिल्ह्यातून जाते, चंद्रपूर-वरोऱ्याकडून येणारी गाडी हिंगणघाटवरून म्हणजे त्याच जिल्ह्यातून येते, आणि समृद्धी महामार्गही नागपूर सोडल्यावर त्याच जिल्ह्यात शिरतो. नागपुरात घेतलेली बाटली पिशवीत घालून सेवाग्राम एक्सप्रेसने गांधीजींच्या कर्मभूमीतून निघायचे, यातील विनोद बाजूला ठेवला तरी तपासणी झालीच तर बिल, परवाना आणि ‘आम्ही क्रूझला चाललो आहोत’ ही कथा कोणाला पटवत बसणार? यवतमाळकर धामणगावहून गाडीत बसतात, अमरावतीकर बडनेऱ्याहून आणि अकोलेकर घराजवळूनच, त्यामुळे त्यांना वर्ध्याची वाट लागत नाही. तरीही रेल्वेचा प्रवास लांबचा असतो, डबा गर्दीचा असतो आणि बर्थखाली सरकवलेल्या पिशवीवर कोणाचा पाय पडेल याचा नेम नसतो. शिवाय गाडीत बाटली उघडण्याचा विचारही करू नये, कारण नशेत गोंधळ घालणाऱ्याला रेल्वे कायदा 1989 च्या कलम 145 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मग बाटली घ्यावी कुठे? सफर सिंगापूरहून असेल तर तीन ठिकाणे आहेत.

पहिले नाशिक. समृद्धी महामार्गाने स्वतःच्या वाहनाने मुंबईला जाणाऱ्यांना हा पर्याय सोयीचा आहे. नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा यांच्या वायनरी आहेत आणि इगतपुरीच्या बाजूला ग्रोव्हर झाम्पाची आहे. बाटली थेट वायनरीतून घेतल्याने ती उन्हात किती दिवस राहिली ही शंका उरत नाही. चव पाहण्याचा कार्यक्रम करायचा असेल तर चालकाला त्यातून वगळावे. गाडीत बाटली डिकीत टाकू नये, एसीच्या हवेत सीटच्या पायाशी, टॉवेलात गुंडाळून आडवी ठेवावी. उन्हाळ्यात डिकी म्हणजे भट्टी असते.

दुसरे ठिकाण मुंबई. विमानाच्या आदल्या दिवशी मुक्काम मुंबईत असेल तर तिथल्या खपाच्या आणि वातानुकूलित दुकानातून बाटली घ्यावी. महाराष्ट्रात मद्य बाळगणे आणि पिणे यासाठी महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949 खाली परवान्याची पद्धत आहे. एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो, तो मागून घ्यावा आणि बिलासोबत ठेवावा. 2 ऑक्टोबरला आणि निवडणुकीच्या मतदानापूर्वीच्या काळात दुकाने बंद असतात हे ध्यानात ठेवून एक दिवस आधीच खरेदी उरकावी.

तिसरे आणि माझ्या मते सर्वांत सोपे ठिकाण म्हणजे विमानतळावरील ड्युटी-फ्री, म्हणजे शुल्क न लागणारे, दुकान. मुंबईहून निघताना किंवा सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरल्यावर कस्टम्सच्या आधी लागणाऱ्या दुकानातून बाटली घेतली की देशांतर्गत प्रवासाची सगळी कटकट टळते. सिंगापूर शहरात मात्र वाइन महाग पडते, कारण तिथे शुद्ध अल्कोहोलच्या दर लिटरमागे 88 सिंगापूर डॉलर शुल्क आहे. 13 टक्के अल्कोहोल असलेल्या एका बाटलीवर केवळ या शुल्काचाच साडेआठ डॉलरांहून थोडा जास्त भार पडतो, वर वस्तू व सेवा कर आणि दुकानदाराचा नफा. शिवाय तिथे रात्री साडेदहा ते सकाळी सात या वेळात दुकानातून मद्य विकत घेता येत नाही आणि सार्वजनिक जागी पिताही येत नाही. बोट दुपारी सुटणार म्हणून सकाळी सहाला बाटली शोधायला निघालेल्याची फेरी फुकट जाईल.

सिंगापुरात शुल्काविना वाइन नेण्याची मर्यादा 18 वर्षांवरील प्रवाशाला दोन लिटरपर्यंत आहे, अर्थात त्याने बरोबर दुसरे मद्य आणले नसेल तर. तो मलेशियातून आलेला नसावा आणि निदान 48 तास सिंगापूरबाहेर राहिलेला असावा. भारतातून थेट जाणाऱ्याला या अटींची अडचण येत नाही आणि माणशी एका बाटलीला दोन लिटर पुरून उरतात. परतीच्या वेळी याच अटी कशा आडव्या येतात ते पुढे येईल.

बांधणी आणि विमान

नाशिक किंवा मुंबईहून घेतलेली बाटली विमानात चेक-इनच्या बॅगेतच जाते, हातातल्या सामानातून सुरक्षातपासणी ओलांडत नाही. बाटली आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे, म्हणजे फुटली तरी जरीच्या साडीचा सत्यानाश होणार नाही. मग तिला जाड टॉवेलाचे दोन वेढे द्यावेत आणि बॅगेच्या मधोमध, चहूबाजूंनी मऊ कपडे येतील अशी ठेवावी. कडेला चाकांजवळ ठेवलेली बाटली सर्वांत आधी आपटते. बूच काढायचा कॉर्कस्क्रूही याच बॅगेत टाकावा. पाते असलेला घेऊ नये, कारण तो विमानतळावर नाही तरी बोटीच्या तपासणीत अडेल. न्यायचे विसरले तरी काही बिघडत नाही, बोटीवर मागितला की मिळतो.

ड्युटी-फ्रीची बाटली पारदर्शक सीलबंद पिशवीत मिळते आणि तिच्यात बिलही असते. ती पिशवी बोटीवर चढेपर्यंत फोडू नये. मुंबईहून सिंगापूरला थेट विमान असेल तर चिंता नाही, पण मध्ये कुठे विमान बदलायचे असेल तर तिथल्या तपासणीत सील तुटलेली बाटली सरळ काढून घेतात. अशा प्रवाशांनी मुंबईत न घेता चांगीलाच घ्यावी.

चढण्याच्या दिवशी

सिंगापुरात रॉयल कॅरिबियनच्या बोटी मरीना बे क्रूझ सेंटरहून सुटतात. तिथे पोहोचल्यावर मोठ्या बॅगा केबिनच्या क्रमांकाचा टॅग लावून हमालांच्या ताब्यात द्यायच्या असतात आणि त्या काही तासांनी केबिनच्या दाराशी येतात. बाटली त्यांत ठेवू नये. विमानातून चेक-इनच्या बॅगेत आलेली बाटली हॉटेलवरच काढून हातातल्या पिशवीत घ्यावी, कारण नियमाप्रमाणे ती हातातल्या सामानातूनच आणायची असते आणि मोठ्या बॅगेत सापडली तर बॅगच अडकून पडते. मग रात्री जेवायला जाताना घालायचे कपडे कुठे आहेत याचा शोध सुरू होतो.

पट्ट्यावरून पिशवी पुढे गेली की यंत्रासमोर बसलेल्या माणसाला पडद्यावर बाटलीचा आकार लगेच दिसतो. तो विचारण्याआधीच ‘वाइन, वन बॉटल’ एवढे सांगून पिशवीची चेन उघडावी. तो बाटली हातात घेईल, लेबल वाचेल, मानेवरचे सील अंगठ्याने चाचपून पाहील, कधी प्रौढ किती आहेत आणि बाटल्या किती आहेत हे मोजेल, आणि नियमात असेल तर तशीच परत देईल. कॉर्केज आधीच घेणाऱ्या कंपनीच्या बोटीवर शेजारच्या टेबलावर पैसे खात्यात टाकून बाटलीवर चिकटपट्टी लावतात. ही चिकटपट्टी बाटली संपेपर्यंत काढू नये. संख्येपेक्षा जास्त बाटल्या किंवा व्हिस्की निघाली तर ती काढून घेतली जाते आणि परत मिळेल असे धरून चालू नये. तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. समोरचा माणूस फिलिपिन्सचा किंवा आपल्याच देशाचा नोकरदार असतो आणि नियम त्याने केलेला नसतो.

जाता जाता फराळाचेही सांगतो. दुकानातले सीलबंद पाकीट, मग ते नागपूरच्या हल्दीरामचे का असेना, बहुतेक बोटींवर जाऊ देतात. घरी केलेल्या चकल्यांचा डबा मात्र अडवला जाण्याचा संभव असतो.

केबिनमध्ये

इथे घाई करू नये. केबिनमधला छोटा फ्रिज घरच्या फ्रिजइतका गार करत नाही, म्हणून पांढरी किंवा फसफसणारी वाइन दुपारीच त्यात ठेवावी. लवकर गार हवी असेल तर केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे बर्फाची बादली मागावी, त्यात बर्फाइतकेच पाणी आणि चमचाभर मीठ टाकून बाटली मानेपर्यंत बुडवावी. वीस-पंचवीस मिनिटांत ती पिण्याजोगी गार होते. नुसत्या बर्फात ठेवलेल्या बाटलीला याहून बराच जास्त वेळ लागतो, कारण बर्फाचे खडे काचेला जागोजागीच टेकतात आणि पाणी सगळीकडून वेढते. पांढरी वाइन 8 ते 10 अंशांवर आणि लाल 16 ते 18 अंशांवर चांगली लागते. विदर्भात ‘खोलीच्या तापमानाची’ लाल वाइन म्हणजे काढा, बोटीवरच्या एसीत मात्र ती तशीच उघडता येते.

बूच काढण्याची ज्यांची पहिलीच वेळ आहे त्यांच्यासाठी कृती सांगतो. मानेवरचे वेष्टन ओठाच्या खालून गोल सोलून काढावे आणि बुचाचा माथा ओल्या रुमालाने पुसावा. बाटली मांडीवर नव्हे तर टेबलावर ठेवून डाव्या हाताने मानेशी घट्ट धरावी. कॉर्कस्क्रूचे टोक बुचाच्या बरोबर मध्यावर टेकवून, हात सरळ ठेवून, सावकाश पिळत न्यावे. शेवटचे एक वेटोळे वर राहिले की थांबावे, कारण टोक खालून बाहेर आले तर बुचाचा भुगा वाइनमध्ये पडतो. मग दांडीचा टेकू बाटलीच्या ओठावर देऊन हळूहळू वर उचलावे. शेवटचा अर्धा इंच हाताने, किंचित हलवत काढावा. फसफसणाऱ्या वाइनला कॉर्कस्क्रू लावायचाच नसतो. तिची तार सोडल्या क्षणापासून अंगठा बुचावर ठेवावा, बाटली तिरकी धरावी आणि बूच न फिरवता बाटली फिरवावी. दिवा, आरसा किंवा सहचारिणी यांपैकी कशाच्याही दिशेला तोंड करू नये. लग्नाच्या वाढदिवसाला बूच छताला उडवण्याची हौस केबिनच्या मापात बसत नाही.

पेले बारमधून किंवा खोलीतल्या सेवेकडून मागावेत, दात घासण्याच्या ग्लासात पिऊ नये. बाल्कनी असेल तर बाटली आणि पेले कठड्यावर ठेवू नयेत. समुद्रावरचा वारा पेला सहज उलथवतो आणि खालच्या मजल्यावर माणसे बसलेली असतात. समुद्रात काच टाकायला मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आहे आणि बोटीवरून वस्तू फेकणाऱ्या प्रवाशाला पुढच्या बंदरावर उतरवूनही देतात. उघडलेली लाल वाइन झाकण लावून फ्रिजमध्ये दोनतीन दिवस टिकते, फसफसणारी मात्र त्याच रात्री संपवावी.

एक सूचना आरोग्याची. बोट लागू नये म्हणून आपल्याकडचे लोक ॲव्होमिन किंवा तत्सम गोळी घेतात. तिने झोप येते आणि वर वाइन घेतली तर ती गुंगी फार वाढते. त्या दिवशी बाटली उघडू नये. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच गावातील डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे, लाजण्याचे कारण नाही.

जेवणघरात न्यायची असेल तर

रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल यांच्या बोटींवर केबिनमध्ये प्यायल्यास काही लागत नाही, पण तीच बाटली जेवणघरात उघडली की 15 डॉलर कॉर्केज लागतो. आजच्या भावाने हे हजार रुपयांच्या वरच जातात. सातआठशे रुपयांच्या बाटलीवर एवढा आकार भरणे मला शहाणपणाचे वाटत नाही. ती केबिनमध्ये जेवणाआधी प्यावी. जी बाटली खास त्या दिवसासाठी आणली आहे, तीच खाली न्यावी.

बाटली न्यायची ठरल्यावर ती न उघडता वेटरच्या हाती द्यावी आणि कॉर्केज लावायला सांगावे. तो ती उघडून यजमानाच्या पेल्यात घोटभर ओततो आणि थांबतो. इथे आपली मंडळी गोंधळतात आणि ‘एवढीच?’ अशा नजरेने पाहतात. तो घोट वाइन खराब झालेली नाही ना, हे पाहण्यासाठी असतो. वास घ्यावा, घोट घ्यावा आणि मान हलवावी, की तो आधी इतरांचे आणि शेवटी यजमानाचा पेला भरतो. उरलेली वाइन तो केबिनच्या क्रमांकाने ठेवून दुसऱ्या रात्री पुन्हा आणून देऊ शकतो, तसे त्याला सांगावे लागते. केबिनमध्ये भरलेला पेला हातात धरून जेवणघरात जाणे अनेकजण करतात आणि बहुधा कोणी हटकत नाही, पण सांडणाऱ्या पेल्यासह लिफ्टमध्ये उभे राहण्यात फारशी शोभा नाही.

वाटेतील बंदरे आणि परतीचा प्रवास

वाटेत मलेशियाचे लंगकावी लागले तर तिथल्या स्वस्त मद्याची दुकाने पाहून हात शिवशिवतात, कारण ते बेटच करमुक्त आहे. तिथे घेतलेली बाटली बोटीवर परतताना काढून घेतात, पावती देतात आणि सफरीच्या शेवटी परत करतात. ती सफरीत प्यायला मिळत नाही. शिवाय बोटीचे शेवटचे बंदर मलेशियातील असेल, किंवा सिंगापूर सोडून 48 तास झालेले नसतील, तर सिंगापूरला उतरताना तिच्यावर शुल्काची सवलत मिळत नाही, ती जाहीर करून शुल्क भरावे लागते. स्वस्ताईचा बराचसा फायदा तिथेच संपतो. देशातल्या सफरीत लक्षद्वीपला उतरणाऱ्यांनी तर पिशवीत काहीच ठेवू नये, कारण बंगाराम वगळता त्या बेटांवर दारूबंदी आहे.

भारतात परतताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. त्यासाठी सर्वांत सोयीचे म्हणजे मुंबईत उतरल्यावरच्या ड्युटी-फ्रीमधून घेणे. पुढे नागपूरचे विमान असेल तर ती बाटली हातात घेऊन दुसऱ्या तपासणीला जाऊ नये. मुंबईत बॅगा सहसा कस्टम्ससाठी ताब्यात मिळतातच, तेव्हा तिथेच बाटली टॉवेलात गुंडाळून बॅगेत घालावी आणि मग बॅग पुन्हा जमा करावी. बिल पाकिटात ठेवावे. नागपूरकडच्या प्रवाशाला यापुढे फक्त खड्डे चुकवायचे असतात. घर वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट, आर्वी किंवा गडचिरोलीतील देसाईगंजला असेल, किंवा नागपूरहून अमरावती-यवतमाळला वर्धा जिल्ह्यातूनच जायचे असेल, तर ड्युटी-फ्रीचे बिल असूनही बाटली दारूबंदीच्या जिल्ह्याच्या हद्दीत नेणे योग्य नाही. ती नागपूरच्या साळ्याकडे किंवा भाच्याकडे ठेवून द्यावी आणि पुढच्या खेपेला तिथेच उघडावी.